एनसीसी, डिग्री आणि कमी पडलेले १९ गुण

३००० पैकी १४८१. माझ्या बीएस्सीच्या तिन्ही वर्षांची ही बेरीज, म्हणजे ४९.३७ टक्के. निकालावर उत्तीर्ण लिहिलेलं होतं, एनसीसीचं सी सर्टिफिकेट हातात होतं, तेही ए ग्रेडचं. तरी सैन्यात अधिकारी होण्याच्या ज्या एनसीसी स्पेशल एंट्रीच्या आशेवर तीन वर्षं पहाटे चारला उठले, तिचा फॉर्म मला भरता आला नाही. १९ गुण कमी पडले.

येत्या ऑक्टोबरमध्ये मी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत (ओटीए) दाखल होतेय, त्यामुळे शेवट गोड झाला असं घरचे म्हणतात. पण मधली अडीच वर्षं कशी गेली ते मला माहीत आहे. जी पोरं-पोरी आत्ता एफवाय-एसवायला आहेत आणि एनसीसी लावून बसली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आपल्या खान्देशात ‘मिलिटरीत जायचंय’ म्हटलं की समोरचा आधी उंची विचारतो, मग सोळाशे मीटरचा टायमिंग. भरती अकॅडमीचे बोर्ड पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत दिसतात. त्यात वाईट काही नाही, माझे दोन मामेभाऊ त्याच वाटेने गेले. पण अधिकारी व्हायची वाट वेगळी आहे आणि ती कॉलेजातून जाते, हे सांगणारं गावात कोणी नसतं. मला सांगितलं ते आमच्या गावच्या रिटायर सुभेदारकाकांनी. ते म्हणाले, ‘पोरी, ग्राउंड नंतर. आधी ग्रॅज्युएट हो.’ मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं नाही आणि दुसरं अर्धवट ऐकलं.

एनसीसी स्पेशल एंट्री म्हणजे सी सर्टिफिकेटवाल्यांना अधिकारी व्हायची थेट वाट. लेखी परीक्षा नाही, शॉर्टलिस्ट झालात की थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखत. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड लागते. आणि पदवीला सरासरी ५० टक्के लागतात. या शेवटच्या अटीवर मी अडकले, म्हणून ती नीट समजून घ्या. दोनदा वाचा.

सरासरी म्हणजे सगळ्या वर्षांची मिळून. शेवटच्या वर्षाची नाही. मला टीवायला १००० पैकी ५३१ होते, ५३ टक्के, म्हणून मी बिनधास्त होते. एफवायचे ५४८ होते. खड्डा पडला तो एसवायला: ४०२. प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पसाठी निवडीच्या फेऱ्या सुरू होत्या, एका कॅम्पमागून दुसरा, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिसऱ्या सेमिस्टरच्या इंटर्नल, जर्नल सबमिशन, प्रॅक्टिकल. मी कॅम्प धरला. शेवटच्या फेरीत बाहेर पडले आणि परत आले तर दोन विषयांत एटीकेटी. पुढच्या वेळी ते सोडवले, पण काठावर. एटीकेटी सुटली की डाग गेला असं आपण समजतो. पास झालात तरी कमी पडलेले गुण बेरजेतून जात नाहीत.

दुसरी गोष्ट, हीही मला माहीत नव्हती. टीवायला असतानाच फॉर्म भरता येतो. तीन वर्षांचा कोर्स असेल तर पहिल्या दोन वर्षांची सरासरी ५० टक्के पाहिजे, आणि निवड झाली तर पुढे एकूण सरासरीही ५० च्या वर ठेवावी लागते, नाहीतर उमेदवारी रद्द होते. मी मात्र ‘आधी डिग्री हातात येऊ दे’ म्हणून थांबले. टीवायच्या सुरुवातीला नोटिफिकेशन उघडून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की २००० पैकी ९५० आहेत आणि शेवटच्या वर्षी ५५० पाहिजेत. ५५० काही आकाशातले तारे नव्हते. पण मी कधी बेरीजच केली नाही.

ती केली अमळनेरच्या सायबर कॅफेवाल्या दादाने. जुलै महिना होता, बाहेर पाऊस. त्याने नोटिफिकेशन स्क्रीनवर मोठं केलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि काही न बोलता कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मी तीनदा आकडे टाकले. तिसऱ्यांदा तर मार्कशीटवरचा एकेक विषय वेगळा घेऊन. प्रत्येक वेळी १४८१ च आले. मागे दोन जण नंबर लावून उभे होते, म्हणून उठले. घरी पोचले तेव्हा आबा कपाशीतून कोळपं घेऊन येत होते. माझं तोंड बघून म्हणाले, ‘काय व्हयनं?’ मला सांगताच येईना. तीन वर्षं त्यांनी पहाटेच्या एसटीसाठी मला फाट्यावर सोडलं होतं. गुणांची गोष्ट त्यांना कशी सांगायची?

तेव्हा कृपा करून एवढं करा. कॅम्पचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी विभागप्रमुखांना नेऊन द्या आणि पोच घ्या. मी कॅम्पहून आल्यावर पत्र घेऊन गेले होते, तेव्हा इंटर्नलचे गुण विद्यापीठात गेलेले होते. जर्नल निघण्याआधी पूर्ण करून सही घ्या. आणि कोणी सीनियर म्हणाला की ‘फौजेत मार्क कोण विचारतं’, तर त्याला त्याची स्वतःची मार्कशीट दाखवायला सांगा. कॅम्प सोडा असं मी म्हणत नाही. मी आज जी काही आहे ती त्या कॅम्पांमुळे आहे. पण वर्षात दोन कॅम्प आणि सेमिस्टर यांची गाठ पडत असेल तर एक कॅम्प सोडायची हिंमत ठेवा.

ज्यांचे गुण आधीच गेलेत त्यांना सांगते, घाबरू नका. वाट बंद होत नाही, लांबते. यूपीएससीच्या सीडीएस या सैन्यात अधिकारी होण्याच्या लेखी परीक्षेला टक्केवारीची अट नाही, ओटीएसाठी पदवी पुरते, आणि शेवटच्या वर्षालाही बसता येतं. ती वर्षातून दोनदा होते. ओटीएसाठी दोनच पेपर, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी १०० गुण आणि दोन तास. गणित लागतं ते आयएमए (डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी), नौदल, हवाई दलासाठी. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. पहिल्या वेळी मी अंदाजाने गोळे काळे केले आणि राहिले. दुसऱ्या वेळी जे येत नाही ते सोडलं आणि निघाले. सी सर्टिफिकेटही वाया जात नाही. मुलांनो, आयएमएच्या १०० जागांपैकी १३ आर्मी विंगच्या सी सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव असतात, हे लक्षात ठेवा.

एसएसबीबद्दल फार लिहीत नाही, पाच दिवसांत काय होतं ते सगळीकडे वाचायला मिळतं. मला भोपाळ मिळालं, आपल्याला सोयीचं, भुसावळहून थेट गाडी. पहिल्यांदा स्क्रीनिंगलाच बाहेर पडले. चित्र बघून गोष्ट लिहायची होती, मी क्लासच्या नोट्समधली पाठ केलेली गोष्ट लिहिली. चित्रात नसलेला पूर माझ्या गोष्टीत आला. दुपारी चेस्ट नंबर परत केला आणि संध्याकाळी भोपाळ स्टेशनवर बॅगेवर बसून होते. तयार गोष्टी विकणाऱ्या क्लासवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. पंधरा दिवसांत तुमचा स्वभाव बदलून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

त्यापेक्षा नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र गाठा. ते राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं आहे, महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी एसएसबीचा कोर्स, राहणं-जेवण सगळं विनामूल्य. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. हे मला पहिल्या एसएसबीनंतर कळलं. घराजवळ एवढी चांगली सोय असताना आपली पोरं कर्ज काढून बाहेरच्या राज्यात क्लासला जातात, याचं वाईट वाटतं. मार्गदर्शकाबद्दल माझं मत असं: जो नुकताच एसएसबीच्या कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत, जाऊन परत आलाय त्याला धरा. त्याला नेमकं काय दुखलं ते तो सांगेल.

दुसऱ्या एसएसबीत ते १९ गुण पुन्हा समोर आले. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी दहावीपासूनचे गुण एका दमात विचारले आणि एसवायपाशी थांबले. ‘या वर्षी काय झालं?’ मी म्हणाले, कॅम्प होता, आणि कॉलेजने सहकार्य केलं नाही. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमच्याबरोबर कॅम्पला असलेल्या बाकीच्या मुलींचं काय झालं?’ माझ्या तंबूतली शिरपूरची मैत्रीण त्याच सेमिस्टरला ६२ टक्क्यांनी पास झाली होती. ती रात्री लाइट्स आउट होईपर्यंत जर्नल लिहायची आणि मी बेल्टच्या पितळेला ब्रासो घासत बसायचे. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला उत्तर सुचलं नाही. पाचव्या दिवशी माझा नंबर पुकारला नाही.

तिसऱ्या वेळी, पुन्हा सीडीएस देऊन, पुन्हा भोपाळला, तोच प्रश्न आला. सांगितलं, ‘सर, मी नियोजन केलं नाही. पत्र उशिरा दिलं, जर्नल अपूर्ण ठेवलं. १९ गुणांनी एक एंट्री गेली. त्यानंतर गावातल्या चार एनसीसीवाल्या मुलींची दर सेमिस्टरची बेरीज मी स्वतः करते.’ त्यांनी त्या चार मुलींबद्दल बराच वेळ विचारलं, कोणाला कशात कमी आहेत, मी काय केलं. त्या एका उत्तराने निवड झाली असं मी म्हणणार नाही, ग्राउंडवरची कामंही त्या वेळी चांगली झाली होती. पण त्या खोलीत मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांना: माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. साधी, छोटी वाक्यं चालतात. रोज बहिणीसमोर तीन मिनिटं कुठल्याही विषयावर बोलायचे, तिने घड्याळ लावायचं. सहा महिन्यांत जीभ सुटली.

मेडिकलला जाण्याआधी कानातला मळ काढून घ्या आणि वजन तपासा. माझं वजन जास्त भरलं, तात्पुरतं अनफिट केलं. अपील मेडिकलला ४२ दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात उतरवलं. आणि एसएसबीत रेकमेंड झालात म्हणजे जॉइनिंग आलं असं समजून गावभर पेढे वाटू नका. लेखी आणि एसएसबीचे गुण मिळून मेरिट लागतं, मुलींच्या जागा थोड्या असतात. आमच्याकडे मावशीने तर त्याच आठवड्यात स्थळ आणलं होतं. अविवाहित असण्याची अट आहे हे ऐकल्यावर ती गप्प झाली, आबांनी तेवढंच धरून ठेवलं आणि पुढे कोणी विषय काढला की तेच सांगायचे. मेरिट लागेपर्यंत ते रोज संध्याकाळी म्हणायचे, ‘व्हई जाई.’

गेल्या वर्षी माझ्या चुलत भावाने एनसीसी लावली. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या रात्री मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर सहा चौकोन आखून दिले आणि खाली लिहिलं: १५०० च्या वर. पहिल्या चौकोनात त्याने स्वतः २७६ लिहिले, दुसऱ्यात परवा २६१. मी निघेन तेव्हा चार चौकोन रिकामे असतील. वही त्याच्या ड्रिल शूजच्या खोक्यावर ठेवलेली असते, म्हणजे परेडला निघताना ती आधी उचलावी लागते.