मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने मुख्यालय कसे वाढवावे

अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात सुरू झालेल्या कंपनीकडे ऑर्डर वाढू लागल्या की मालक बहुधा आधी मोठी जागा शोधायला निघतात. त्यापूर्वी कोणते काम कोठे चालणार, हे कागदावर मांडावे. डिझाइन, विक्री, हिशेब आणि नमुन्यांची चाचणी अंधेरीत ठेवून उत्पादनाची लाइन नवी मुंबईतील महापे किंवा रबाळ्याला नेणे हा माझ्या मते मध्यम कंपनीसाठी व्यवहार्य मार्ग आहे, परंतु त्याचा खर्च केवळ भाड्याचा नसतो. सक्तीच्या नोंदणीखालील उत्पादनांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी विशिष्ट कारखान्याच्या पत्त्यावर मिळते. त्यामुळे नव्या जागेची नोंदणी हाती येईपर्यंत जुनी लाइन चालू ठेवण्याची तरतूद करावी.

कार्यालयाची कागदपत्रे त्या मानाने सोपी असतात. नोंदणीकृत कार्यालय बदलल्यास 30 दिवसांत कंपनी निबंधकांकडे आयएनसी-22 हा अर्ज भरावा. ते नवी मुंबईत, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर नेणार असल्यास आधी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. जीएसटी नोंदणीत नवा पत्ता 15 दिवसांत जोडण्यासाठी अर्ज करावा.

गाळा पाहताना केवळ चौरस फुटांवर भुलू नये. मालवाहू लिफ्टच्या दाराची रुंदी स्वतः टेप लावून मोजावी, कारण रिफ्लो ओव्हन, म्हणजे बोर्डावरचे घटक तापवून सोल्डर करणारी भट्टी, त्यातून आत गेला नाही तर भिंत फोडून क्रेन लावण्याची वेळ येते. मजल्याची भारक्षमता आणि मंजूर वीजभार लेखी घ्यावा, तसेच ओव्हनचा धूर नेणारी डक्ट कोठून काढता येईल, हे करारापूर्वीच ठरवावे. पावसाळ्याचा विचार तर अंदाजपत्रकातच हवा: एमएसएल-3 वर्गाचा, म्हणजे ओलावा शोषून सोल्डरिंगच्या वेळी बिघडू शकणारा घटक सीलबंद पाकिटातून काढल्यावर 30 अंश सेल्सिअस आणि 60 टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत 168 तास टिकतो, आणि जुलैतली मुंबईची हवा याहून कितीतरी दमट असते. म्हणून हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर आणि घटक कोरडे ठेवणारे ड्राय कॅबिनेट आधी घ्यावेत; स्वागतकक्षातला संगमरवर थांबू शकतो.

भरती लाइन उभी राहण्यापूर्वी सुरू करावी, म्हणजे यंत्रे बसवली जात असतानाच माणसे शिकतात. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेले उमेदवार येथे उपयोगी पडतात. 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, तेव्हा हीच भरतीची पहिली पायरी मानावी. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा एक सदोष बोर्ड व भिंग हाती द्यावे आणि कोरडा सांधा, म्हणजे नीट न जुळलेले सोल्डर, सापडतो का, ते पाहावे.

जुन्या कामगारांना मात्र जागा पक्की करण्यापूर्वी विचारावे. विरारहून अंधेरीला थेट लोकलने येणाऱ्या ऑपरेटरला महापे गाठायला गाड्या बदलाव्या लागतात, आणि चांगला सोल्डरिंगवाला प्रवासाला कंटाळून सोडून गेला तर त्याची जागा भरायला वेळ लागतो. त्यामुळे शिफ्टची वेळ ठाणे-नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाड्या पाहून ठरवावी आणि कोपरखैरणे स्थानकापासून कंपनीची बस ठेवावी. रात्रपाळी सुरू करायची असेल, तर परतीची बसही त्याच करारात लिहून घ्यावी.