छबिलदाससारख्या नाटकाच्या जागेचा इतिहास गोळा करायचाय? आधी हॉलची चावी कोणाकडे असायची ते शोधा

नाटकाच्या जागेचा इतिहास म्हटलं की सगळे नटांकडे धावतात. मीपण धावलो, तीन दुपारी चहा ढोसला आणि हाती आले नुसते किस्से, एकाचं साल दुसऱ्याशी जुळेल तर शपथ!

म्हणून आधी वहीत ढोबळ सालं मांडा. छबिलदासचंच घ्या. १९६० ला विजया मेहता वगैरेंची रंगायन ही नाट्यसंस्था, ती फुटल्यावर १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांची आविष्कार ही संस्था, मग १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग आणि १९९२ च्या सुमारास मुक्काम माहीमच्या म्युनिसिपल शाळेत. आता प्रत्येक ठिकाणी विचारा, इथेच का आणि इथून का उठले? उत्तर बहुतेक वेळा भाड्यात आणि हॉल कधी मिळतो यात असतं, कलेत कमी.

म्हणूनच बॅकस्टेजवाले गाठा. काकडेकाकांनी अनेक वर्षं आविष्कारचा सगळा व्यवहार सांभाळला, ते २०१९ मध्ये गेले. असं माणूस प्रत्येक संस्थेत एक तरी असतंच, भाड्याच्या पावत्या, पत्रं, हिशेबाची वही त्याच्याच माळ्यावर, आणि घर रीडेव्हलपमेंटला गेलं की ते सगळं थेट रद्दीत, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

बोलताना "कुठलं साल?" विचारूच नका, कोणालाच आठवत नाही. आणीबाणीच्या आधी की नंतर? गिरणी संप सुरू झाला होता का? असं विचारलं की गाडी रुळावर येते. मग स्टेज होतं की खालीच, लाइट कुठे टांगायचे, लोक खुर्चीवर की सतरंजीवर, मध्यंतरात चहा कुठून यायचा, हे सगळं खोदून खोदून विचारा. खरी जागा यातच सापडते.

नंतर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, जुन्या पेपरांबद्दल तिथे विचारा आणि नाटकाच्या जाहिराती बघा. पण जाहिरात आली म्हणजे प्रयोग झालाच असं नाही हां, रद्दपण व्हायचे. नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का असलेली संहिता मिळाली तर तारीख टिपून घ्या, ती परवानगीची असते, पहिल्या प्रयोगाची नाही, मी आधी तिथेच फसलो.

आणि फोटो मिळाला की पुढच्या बाजूआधी मागची बाजू स्कॅन करा, नावं तिथेच पेन्सिलने लिहिलेली असतात.