जुनं सागवानी डायनिंग टेबल घेताना या चुका टाळा

लोक मला जुन्या टेबलांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "किती जुनं असेल? किती द्यावेत?" फोटो हमखास वरून काढलेला असतो. फळी चकाचक, मधोमध फुलदाणी. त्यावरून काहीही कळत नाही. वय कळतं ते टेबलाच्या खालच्या अंगाने. म्हणून माझं उत्तर ठरलेलं: चटई टाका, उताणे झोपा, टॉर्च लावा आणि खालून फोटो काढा. बरेच जण तिथेच कंटाळतात. दहा मिनिटं आडवं व्हायची तयारी नसेल, तर जुन्या फर्निचरच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुनं लाकूड दिसलं की टेबलही जुनं समजणं. पुण्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने 'पेशवेकालीन डायनिंग टेबल' म्हणून विसार देऊन टाकला होता आणि मग मला बघायला नेलं. आठ माणसांचं, जाड फळीचं, सागवान उत्तम. खाली शिरलो. एका फळीच्या कडेला बिजागरीची चौकोनी खाच, पट्टी ठोकून बुजवलेली. हातभर अंतरावर कोयंड्याची भोकं. लोखंडी खिळे उपटल्यावर सागवानात राहतात तसे काळे वण, तेही सरळ रांगेत. पायांमध्ये सालकुसूच्या, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्यात बसवायच्या जोडाच्या खाचा, पण त्यांत येऊन बसणारं कुसू कुठेच नाही. आणि जोडांतून ओघळून वाळलेलं फेविकॉल. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. जुने सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक वापरायचे. नुसतं फेविकॉल असतं तर नंतरची दुरुस्ती म्हणून सोडून दिलं असतं. पण बाकीच्या खुणा धरल्या तर हिशेब साफ होता: पाडलेल्या वाड्याचा दरवाजा वर, चौकटीचे खांब पायांना, आणि टेबल अलीकडचं.

खरं तर खाली शिरायच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा होता. पेशवाई १८१८ मध्ये संपली. वाड्यात पंगत पाटावर बसायची. मराठी मध्यमवर्गाच्या घरात टेबलावरचं जेवण रुळलं ते विसाव्या शतकात. त्याआधीचं टेबल असेल तर ते गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं, पारशी घरातलं किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाचं असण्याची शक्यता जास्त. या टेबलावर कोण जेवत होतं, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर अडखळलं की सावध व्हा. वाड्याच्या लाकडाचं नवं टेबल घ्यायला माझी हरकत नाही, लाकूड कित्येकदा आजच्यापेक्षा सरस असतं. मात्र पैसे लाकडाचे आणि कारागिरीचे द्या, इतिहासाचे देऊ नका.

इंग्रजी पुस्तकांतले नियम इथे जसेच्या तसे लावणं ही याच जातीची चूक. हाताने कापलेले डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे जोड) किंवा हातकरवतीच्या सरळ पण कमीजास्त अंतराच्या रेघा दिसल्या की टेबल एकोणिसाव्या शतकातलं, हे ओकच्या विलायती फर्निचरला बरंचसं लागू पडतं. आपल्याकडे हातकरवत विसाव्या शतकातही खूप काळ चालू होती आणि हाताने डव्हटेल कापणारे सुतार आजही आहेत. उलट डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू मात्र उपयोगी पडतो. हा स्क्रू १९३०च्या दशकातला, म्हणजे तो मूळचा असेल तर टेबल त्याच्याआधीचं नाही.

'बर्मा टीक' हे शब्द ऐकून भाव वाढवून देऊ नका. मुंबईत बर्मी सागवान मुबलक यायचं, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ पासूनची. आता म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली आहे, आणि आफ्रिकेच्या, दक्षिण अमेरिकेच्या लागवडीतलं सागवानही त्याच नावाने खपतं. फळीचं टोक बघा. झपाट्याने वाढवलेल्या झाडाची वलयं रुंद असतात, जंगलात सावकाश वाढलेल्याची दाट. शिसवी म्हणून दाखवलं तर एक कोपरा उचलून बघा, शिसव चांगलंच जड.  हलकं लागलं तर रंग देऊन काळपट केलेलं सागवान असू शकतं.

आता ज्याने माझा जीव खरोखर तुटतो ती चूक: आधी पॉलिश, मग चौकशी. गिरगावातल्या एका घरात शिसवी टेबल होतं. फळीच्या खाली दुकानाची कागदी चिठ्ठी, नाव अर्धं पुसलेलं, पण पत्ता वाचता येत होता. तेवढ्यावरून दशक काढता आलं असतं. घरच्यांनी सुताराला सांगितलं, नव्यासारखं करून द्या. त्याने मशीनने वरखाली सगळं घासलं, लांबी (पुट्टी) भरली, पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा चकचकीत थर चढवला. चिठ्ठी गेली, पिढ्यांच्या हातांनी आलेली झाक गेली, कडा बोथट झाल्या. आधी येऊन गेलेल्या व्यापाऱ्याने आकडा थेट निम्म्यावर आणला, आणि मला तो योग्यच वाटला. घासलेलं परत येत नाही.

मी काय करतो ते सांगतो. पायाच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावतो. चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं) जुनं पॉलिश आहे. ते काढायचं नाही, फक्त पुसायचं. सुती कापड, किंचित टर्पेंटाइन, मग मेण. चार दिवस थांबून पुन्हा बघतो. फारच उडालं असेल तर बोळ्याने हातपॉलिश करणारा जुना माणूस शोधतो. असे लोक कमी उरलेत, त्यांची तारीख मिळेपर्यंत थांबा. सॅंडिंग मशीन घरात येऊ देऊ नका.

खुर्च्या टेबलासोबतच्याच आहेत असं गृहीत धरू नका. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या सागवानी नसतात, त्या बीचच्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी किंवा शिक्का शोधा. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर खुर्ची १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देश नव्हता. कीड बघायला खाली काळा कागद पसरून ठेवा. सकाळी ताजा भुसा दिसला तर खुर्ची घरी आणू नका.

किमतीचं म्हणाल तर वयावर भाव ठरत नाही. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघालेल्या पिएर जानरे या स्विस वास्तुकाराच्या सागवान-वेताच्या खुर्च्या १९५०च्या दशकातल्या, पण परदेशी लिलावांत लाखांना जातात. आणि बारा माणसांचं देखणं जुनं टेबल मुंबईत गिऱ्हाइकाची वाट बघत पडून राहतं, कारण ते लिफ्टमध्ये मावत नाही. मुंबईच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत सांगितलेला भाव ही नुसती मागणी. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं टेबल कितीला गेलं ते बघा.

अमेरिकेतल्या मुलासाठी घेत असाल तर आणखी एक. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे "दीडशे वर्षांचं आहे, आणि बोटीने पाठवूनही देतो" असं एका दमात सांगणाऱ्या विक्रेत्याला विसार देऊ नका. टेबल शंभरच्या आतलं असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. तो हातात आल्यावरच बाकीचे पैसे द्या.