गुन्हेशास्त्रात येताय? आधी ३१ डिसेंबरचा तक्ता वाचायला शिका

माझे वडील कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. पुढे ते निर्दोष सुटले, तोवर नोकरी गेली होती आणि माझं शिक्षण आईच्या शिवणकामावर आलं होतं. या विषयात मी तिथून आले. म्हणून मालिका बघून ‘गुन्हेगाराचं मन वाचायचंय’ म्हणणाऱ्यांशी मी थोडी कडक बोलते, राग मानू नका.

‘गुन्हेशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात जवळजवळ निघत नाही. काम मिळतं ते प्रोबेशन ऑफिसर (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) म्हणून, बाल न्याय मंडळात, कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थांत, नाहीतर नेट ही पात्रता परीक्षा देऊन अध्यापनात. शिकायला मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारखी ठिकाणं आहेत आणि १९९० पासून कैद्यांसोबत काम करणारा तिथला ‘प्रयास’ प्रकल्प पाहिला तर हे काम कसं चालतं ते कळेल. पगार फार नसतो. घरी ते आधीच सांगून ठेवा.

आता ज्या खड्ड्यात भलेभले पडतात, त्याबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या कारागृह अहवालात ५,७३,२२० कैदी आहेत, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे सुमारे ७६ टक्के. हे वाचलं की विद्यार्थी लगेच लिहितात, ‘चारपैकी तीन आरोपी तुरुंगात खितपत पडतात.’ असल्याच एका वाक्यावरून माझ्या प्रबंधाचं आख्खं प्रकरण परीक्षकांनी परत पाठवलं होतं. तो आकडा सगळ्या आरोपींचा नाही. ३१ डिसेंबर या एका दिवशी आत असलेल्या माणसांचा आहे.

फरक किती पडतो ते नीट समजून घ्या. एका बराकीत दोनच जागा आहेत असं धरा. एका जागेवर एकच माणूस वर्षभर आहे. दुसऱ्या जागेवर दर महिन्याला नवा माणूस येतो आणि महिन्याभरात जामिनावर सुटतो. वर्षात एकूण १३ माणसं आली. ३१ डिसेंबरला मोजलीत तर दिसतील २, आणि तुम्ही लिहाल, ‘निम्मे कैदी वर्षभर अडकलेले.’ प्रत्यक्षात १३ पैकी एक. जो जास्त राहतो तो मोजणीच्या दिवशी सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून गंभीर गुन्ह्यांचे आरोपी तक्त्यात फुगतात आणि किरकोळ चोरीत पंधरा दिवस आत जाऊन आलेला मजूर दिसेनासा होतो. शिवाय कोण किती काळ आत आहे ते सांगणाऱ्या मुदतीच्या तक्त्यात ‘तीन ते सहा महिने’ या रकान्यातला माणूस मोजणीच्या दिवशी सुटलेला नसतो, त्याचा मुक्काम अजून चालूच असतो. म्हणजे तो रकाना पूर्ण मुदत सांगतच नाही. वर्षभरात किती जण आत आले हा आकडा अहवालात वेगळा असतो आणि तो कितीतरी मोठा असतो, पण एकच माणूस दोनदा आला तर तिथे दोनदा धरला जाऊ शकतो, हेही विसरू नका.

माझे वडील उन्हाळ्यात आत गेले आणि दिवाळीआधी बाहेर आले. मुदतीच्या त्या तक्त्यात ते कुठेच नाहीत. आमचं घर मोडलं ते मात्र त्याच महिन्यांत.

घाबरू नका, हे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराइतकंच आहे. समजलं की पुढचे अहवाल स्वच्छ दिसू लागतात.

स्वतःच्या घरी हे भोगलेल्यांनी जॉन आयर्विन हा माणूस जरूर अभ्यासावा. दरोड्याच्या गुन्ह्यात कॅलिफोर्नियाच्या सोलेदाद तुरुंगात पाच वर्षं काढली, आतूनच शिक्षण सुरू केलं, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९६७ मध्ये सुटलेल्या कैद्यांना विद्यापीठात आणणारा ‘प्रोजेक्ट रिबाउंड’ उभा केला. मला त्यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. खटल्याआधी जिथे ठेवतात त्या तुरुंगांचा अभ्यास करताना केवळ स्वतःच्या आठवणींवर ते विसंबले नाहीत. अटक होऊन येणाऱ्यांचा नमुना घेतला, त्यांच्याशी बोलले. भोगलेलं असल्यामुळे प्रश्न सुचतात, उत्तरं शोधावीच लागतात.

दोन दिवसांच्या ‘क्रिमिनल प्रोफायलिंग’ प्रमाणपत्रांवर पैसे घालू नका, मुलाखतीत त्यांना कुणी विचारत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापुढच्या पदव्यांपेक्षा ते शेवटचे कोर्टात कधी गेले होते हे विचारा. लाल शाईने पानं भरून परत देणारे मिळाले तर त्यांना सोडू नका, त्या वेळी कितीही रडू आलं तरी. आणि स्वतःच्या घरची अशी गोष्ट सांगायची की नाही हा प्रश्न पडला असेल तर, नाही सांगितली तरी चालतं. मी बरीच वर्षं सांगितली नव्हती.

कारागृहात जाऊन अभ्यास करायला महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयाची परवानगी लागते आणि तिला महिने लागतात. तोवर रिकामे बसू नका. रिमांडचं, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीत ठेवायचं का हे ठरवण्याचं कामकाज खुल्या न्यायालयात चालतं, मागच्या बाकावर बसायला कुणाला विचारावं लागत नाही. वहीत चारच रकाने आखा: कलम, वकील होता का, जामिनाची रक्कम, जामीनदार उभा राहिला का. नावं लिहू नका. महिनाभरात तुमच्याकडे दारातून आत जाणाऱ्यांची नोंद असेल, जी ३१ डिसेंबरच्या तक्त्यात मिळत नाही.