गॅरेज पाडून नवं बांधायचंय? घण उचलायच्या आधी हे वाचा

पहिलं काम मिस्त्रीला फोन करणं नाही. पहिलं काम म्हणजे घराचा जुना मंजूर नकाशा शोधणं, शिक्का असलेला, आणि त्यात ते गॅरेज आहे का ते स्वतःच्या डोळ्याने पाहणं. बाबांच्या लोखंडी पेटीत असेल, घडीवर फाटलेला असेल, चालेल. बगीच्याच्या कोपऱ्यात छोटासा चौकोन, आत ‘गॅरेज’ लिहिलेलं, बाजूला लांबी-रुंदी न कंपाउंडपासूनचं अंतर, एवढं दिसलं की अर्धं टेन्शन गेलं. नाही दिसलं तर गॅरेजला हात लावू नका. आमच्याकडे मागच्या खेपेला आधी पाडलं न मग नकाशा शोधत बसलो, तोवर तिथं पूर्वी काय होतं हे सांगायला फक्त शेजारचे काका उरले होते.

कारण असं आहे बाप्पा, जुनं गॅरेज ज्या नियमात बसलं ते बसलं, पण एकदा आडवं केलं की नवं आजच्या नियमात बसवावं लागते, म्हणजे 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली). मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, किती सोडायची ते समोरच्या रस्त्याची रुंदी न प्लॉटचा साइझ पाहून ठरते, त्यामुळे जिथं 30 वर्षं गाडी उभी राहिली तिथंच नवं गॅरेज मिळेल असं गृहीत धरू नका. ‘रिपेअर करून राहिलो’ हेही चालत नाही. आतलं काम, किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती, याला परवानगी लागत नाही हे खरं, पण चारही भिंती पाडल्यावर दुरुस्ती कशाची? एमआरटीपी कायद्यात (राज्याचा नगररचना कायदा) तर बांधकाम पाडणं हेसुद्धा ‘विकास’ या शब्दात धरलंय.

आणि टॅक्स पावती पुढे करू नका. गॅरेजचा टॅक्स भरला म्हणजे गॅरेज मंजूर, असं अर्ध्या नागपूरला वाटते. टॅक्स तर अनधिकृत बांधकामालाही लागतो, त्याने ते अधिकृत होत नाही. कागद एकच, मंजूर नकाशा. घरात सापडत नसेल तर नगररचना विभागात नक्कल मागा, तिथं दाद नाही लागली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी न 30 दिवसांची मुदत, पण तोवर घण घरातच.

आता ऑफिस कोणतं ते. नागपुरात तुमचा प्लॉट मनपाकडे (महानगरपालिका), नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएकडे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे आधी ठरवा, कारण चुकीच्या खिडकीवर महिना जातो न फाइल तिथंच पडून राहते. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला, लेआउट असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) झालंय का, लीजचा प्लॉट असेल तर लीज रिन्यू आहे का, ते बघा. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), रजिस्ट्री वगैरे तुम्हाला माहीतच आहे. कंपाउंडची भिंत नेमक्या हद्दीवर आहे असं समजू नका, शंका असेल तर मोजणी करून घ्या, शेजाऱ्याशी भांडण झाल्यावर मोजणी करण्यात मजा नाही.

पाडायच्या आधी (हो, परत तेच) फोटो काढा, आणि नुसते फोटो नाही, टेप लावून: भिंत ते कंपाउंड, भिंत ते घर, उंची, दाराची रुंदी, टेपचे आकडे वाचता येतील असे. आर्किटेक्टला तेच लागते, आणि ऑफिसचे साहेब साइटवर तपासायला आले न ‘इथं काय होतं’ म्हणाले तर तेच दाखवता येते. नकाशा आणि फोटो हातात नसतील तर मजुरांना सकाळी बोलावूच नका, आले की ते थांबत नाहीत.

झाड. गॅरेजला खेटून कडुनिंब किंवा आंबा असेल तर स्वतःच्या बगीच्यातलं असलं तरी विचारल्याशिवाय कापता येत नाही. 1975 च्या झाडांच्या कायद्यात नुसतं तोडणं नाही, झाडाला इजा करणंही ‘तोडणं’च आहे, म्हणजे पायव्यासाठी मुळं छाटून टाकू म्हणणारा मिस्त्री तुम्हाला अडकवतो. शहरात अर्ज मनपाच्या उद्यान विभागात. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड असेल तर नियम आणखी कडक. सोपं म्हणजे गॅरेज सरकवा.

वरून महावितरणची तार जात असेल तर साध्या लाइनलाही छतापासून वर 2.5 मीटर, बाजूने 1.2 मीटर मोकळं पाहिजे. गाडीला 2.5 बाय 5 मीटर जागा धरतात, पण दार उघडून उतरायचंही असते, थोडी जास्त ठेवा. खाली गटाराचं चेंबर, बोअरिंग नाही ना ते बघा. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते न फरशी तडकते. टिनाचा उतार आपल्या बगीच्याकडे, शेजाऱ्याकडे नाही. रॅम्प फाटकाच्या आत, नालीवर नाही.

परवानगी मिळाली की तारीख बघून ठेवा, एका वर्षाची असते. प्लिंथ (जोतं) झाली की ऑफिसला कळवा, त्याआधी वरचं बांधकाम चढवू नका. मलबा रस्त्यावर नको. काम संपलं की कम्प्लिशनचा (काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याचा) अर्ज, नवा मंजूर नकाशा स्कॅन करून दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये, शटर, लाइटचा पॉइंट, झालं.