गावच्या मंडळीसाठी स्थानिक उपदेशक कसे घडवावेत

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत एकाच पाळकाकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूकडे, पाच-सहा गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या असणे ही नवी गोष्ट नाही. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येऊन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देतात आणि उरलेल्या रविवारी गावातलाच एखादा शिक्षक, शेतकरी किंवा अंगणवाडी सेविका उपासना चालवते. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली. ती यवतमाळात राहिली असती तरी शेती आणि रोजमजुरी सोडून वर्षानुवर्षे शिकायला बसणे या माणसांना जमले नसते. म्हणून त्यांचे प्रशिक्षण गावातच, रविवारच्या उपासनेतूनच व्हावे लागते.

निवड करताना बोलक्या माणसाकडे लगेच वळू नये. आजाऱ्याच्या घरी न बोलावता कोण जाते, भांडण मिटवायला लोक कोणाला बोलावतात, हे आधी पाहावे. एकाच वेळी दोघांना तयार करावे आणि त्यांत एक स्त्री असावी, कारण बहुतेक गावांत महिला संघाच्या सभा चालवून बायकांना ही सवय आधीच झालेली असते. पाळकांनी त्यांची नावे मंडळीसमोर जाहीर करून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. नाहीतर ‘याला कोणी उभे केले?’ ही कुजबुज पहिल्याच रविवारी सुरू होते.

पहिले तीन महिने उपदेश मुळीच देऊ नये. या काळात शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) आणि मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना एवढेच काम सोपवावे. रविवारचा उतारा सोमवारीच सांगावा आणि तो घरी रोज एकदा मोठ्याने वाचायला लावावा. पवित्र शास्त्राची मराठी ग्रांथिक आहे आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडी वऱ्हाडी किंवा झाडीबोली आहे. त्यामुळे घाईने वाचलेले वचन कानावरून निघून जाते. प्रार्थनेत पाऊस, पीक, आजारी माणसे आणि कामासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेली मुले यांची आठवण जरूर करावी, परंतु ज्या घरात कर्जापायी कोणाचा जीव गेला आहे त्या घराचे नाव त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान गावात प्रार्थनेतून फुटलेली गोष्ट परत घेता येत नाही. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीते शनिवारीच पेटी वाजवणाऱ्याबरोबर ठरवावीत.

त्यानंतर उपदेशाची तयारी. एक उतारा, एक मुद्दा आणि फार तर पंधरा मिनिटे, एवढी मर्यादा घालून द्यावी. मोबाइलवर ऐकलेला उपदेश तसाच म्हणून दाखवण्याचा मोह आज सर्वांत मोठा आहे आणि तो नुसत्या मनाईने जात नाही. उताऱ्यावर बसून प्रश्न विचारण्याची गोडी लागली की आपोआप सुटतो. उदाहरणार्थ, बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घ्यावा. परदेशातून आलेली विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसे, वेचायला जाते. कापणीच्या वेळी शेताच्या कडा राखून ठेवाव्यात आणि पडलेली कणसे गरीब व उपरी यांच्यासाठी सोडावीत, असा नियम बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्या शेताचा मालक बवाज तर त्याही पुढे जाऊन पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाकायला सांगतो. आता शिकणाऱ्याला विचारावे: आपल्या शिवारात सरवा कोण वेचते? मालक तिला येऊ देतो का? तिला कोणत्या नावाने हाक मारली जाते? ‘सरवा’ हा शब्द इथल्या बायकांना शिकवावा लागत नाही. त्यांच्या पाठीला तो ठाऊक असतो. याची उत्तरे स्वतःच्या बोलीत चार-पाच वाक्यांत लिहून आणली की उपदेशाचा सांगाडा तयार झाला. वचन ग्रंथाच्या भाषेत वाचावे आणि ते घरच्या भाषेत उलगडावे.

मर्यादाही सुरुवातीलाच स्पष्ट कराव्यात. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा यांबाबत आपल्या मंडळीचा नियम पाळावा. बहुतेक ठिकाणी ही कामे दीक्षित पाळकांचीच असतात. समाप्तीचा आशीर्वादही त्यांच्याकडे राखलेला असेल, तर स्थानिक उपदेशकाने ‘तुम्हांवर’ ऐवजी ‘आम्हांवर’ म्हणून तो प्रार्थनेच्या रूपात म्हणावा.

पुढच्या आधाराकडे मात्र आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेत कोणत्या रविवारी कोठे कोण उपदेश करणार याचा तिमाही आराखडा आधीच काढतात; ती रीत कोणत्याही मंडळीने उचलावी, फक्त कापूस वेचणीचे आणि धान रोवणीचे आठवडे पाहून. दुसऱ्या गावी जाणाऱ्याचा पेट्रोलचा खर्च मंडळीने न मागता द्यावा.

चुका त्याच दिवशी, लोकांसमोर सांगू नयेत. माझा पहिला उपदेश पाऊण तास चालला होता. पाळकसाहेब रविवारी काहीच बोलले नाहीत. मंगळवारी ते आमच्या गोठ्याशी आले आणि म्हणाले, ‘परवाच्या उपदेशातलं एक वाक्य सांगा बरं.’ मला एकही सांगता आले नाही. तेव्हापासून शिकणाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारतो, पण आधी त्यांनी चांगले केलेले एक काम सांगून मगच.

उपदेशकाच्या घरी मृत्यू झाला, पीक बुडाले किंवा त्याचा स्वतःचाच विश्वास डळमळला, तर त्याला काही रविवार सतरंजीवर सगळ्यांबरोबर नुसते बसू द्यावे. दोघांना एकदम तयार करायचे ते यासाठीही.