ग्रिड बॉट लावताय? आधी दोन ग्रिडमधलं अंतर ठरवा

ग्रिड बॉट म्हणजे किमतीच्या ठरलेल्या पायऱ्यांवर क्रिप्टो नाणी खाली घेऊन वर विकणारा प्रोग्राम; यातली एकेक पायरी म्हणजे ग्रिड. क्रिप्टो एक्स्चेंजवर केवायसी झालंय, बॉट इन्स्टॉल केलाय, असं धरून चालतो. एपीआय की, म्हणजे बॉटला तुमच्या खात्यात शिरू देणारी किल्ली, बनवताना फक्त वाचणे आणि ट्रेड करणे या दोनच परवानग्या द्या. पैसे काढण्याची परवानगी कुणीही मागितली तरी द्यायची नाही. ही की एकाच आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, बांधा. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, शिवाय मे महिन्यात नागपुरात लाइट गेली की कुलरसोबत राउटरही बंद आणि बॉटच्या ऑर्डरी वाऱ्यावर. म्हणून भाड्याचा सर्व्हरच घ्या.

आता खरी मेख, दोन ग्रिडमधलं अंतर. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. टेलिग्रामवर सर्रास सल्ला मिळतो, ‘अर्ध्या टक्क्यावर ग्रिड टाका, दिवसभर नफा पडत राहील.’ हा सल्ला भारतात चालत नाही. कागद घ्या आणि मांडा. 10,000 ला खरेदी, 10,050 ला विक्री, म्हणजे नफा 50. एक्स्चेंजचं शुल्क दर बाजूला 0.2 टक्के धरलं तर 40 रुपये तिथेच गेले. कर 30 टक्के, वर उपकर, आणि तो लागतो पूर्ण 50 वर, कारण खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा खर्च वजा करता येत नाही. म्हणजे आणखी 15.60 गेले. सौदा जिंकूनही तुम्ही 5-6 रुपयांनी मागे!

त्यात 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा कर, आहे. इथे 100 रुपये. विवरणपत्र भरल्यावर तो जमेस धरला जातो हे खरं, पण तोवर भांडवल अडकतं. तेच पैसे पन्नास वेळा फिरले की जवळपास 40 टक्के रक्कम टीडीएसमध्ये जाऊन बसते. एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळताही करता येत नाही.

माझं ठाम मत, 2 टक्क्यांपेक्षा कमी अंतर ठेवूच नका. 2 टक्क्यांवर याच हिशेबाने 200 पैकी साधारण 97 हातात राहतात. ग्रिड कमी होतील, होऊ द्या.

ज्या किमतींमध्ये बॉट चालवायचा, त्यांची वरची-खालची मर्यादा गेल्या तीन महिन्यांच्या चार्टवरून घ्या. अंतर रुपयांत नाही, टक्क्यांत ठेवा. खालच्या मर्यादेच्या थोडं खाली स्टॉप-लॉस, म्हणजे किंमत तिथे घसरली की आपोआप विकण्याची ऑर्डर, लावा. तो रिकामा सोडला तर घसरणीत बॉट सगळं भांडवल नाण्यांत अडकवून बसतो.

सुरुवात छोट्या रकमेने करा आणि तिमाही उलटल्यावर कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर जमा दिसतोय का, ते ताडून बघा.